मिस्टर म्हणतात, "हे कायदे मला लागूच नाहीत"

वाचकाचं पत्र

न्यू जर्सीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश देते.

ताई आणि मिस्टर दोघंही मूळचे सांगली जिल्ह्यातले. लग्नाला १६ वर्षं झाली. मिस्टर इंजिनिअर, चार वर्षांपूर्वी अमेरिकेचे नागरिक झाले. ताई मात्र माहेरच्या शेतजमिनीची वाटणी व्हायची होती म्हणून ग्रीन कार्डावरच राहिल्या. आता त्यांनाही नागरिकत्वाचा अर्ज करायचा आहे. दोन मुलं, दोघांचा जन्म तिथलाच. गेल्या वर्षी मिस्टरांची नोकरी गेली, घराचे तीन हप्ते थकले आणि त्याच सुमारास ते रात्ररात्र व्हिडिओ पाहू लागले. मग पैसे भरून एका गुरूचं शिबिर झालं. आता ते म्हणतात की आपण चौदाव्या घटनादुरुस्तीचे नागरिक नाही, 'स्टेट नॅशनल' आहोत, म्हणजे फक्त राज्याचे, केंद्र सरकारचे नव्हे. सरकार म्हणजे एक कंपनी आहे. मोठ्या अक्षरांत छापलेलं आपलं नाव म्हणजे आपण नव्हे, सरकारने उभा केलेला 'स्ट्रॉमॅन', म्हणजे निव्वळ कागदी माणूस आहे. बँकेची पत्रं ते लाल शाईचा अंगठा उमटवून परत पाठवतात. गाडीची नंबर प्लेट काढून 'प्रायव्हेट' असं लिहिलेली पाटी लावली आहे. यंदा टॅक्स रिटर्न भरायचा नाही असं ठरलंय. 'अमेरिकेचे कायदे आम्हाला लागू नाहीत' अशा एका जाहीरनाम्यावर ताईंनी स्वतःच्या आणि मुलांच्या वतीने सही करावी असा हट्ट आहे. घरातले पासपोर्ट, जन्मदाखले आणि ताईंचं ग्रीन कार्ड 'ट्रस्टच्या फायली'त जाऊन बसलंय. ताई एका फार्मसीत नोकरी करतात, त्या पगारावर घर चालू आहे.

"वेडेपणा म्हणून सोडून द्यावं, तर ते दाखवतात ती कलमं खरी निघतात. इतका शिकलेला माणूस इतका चुकेल का? सगळे पुरावे गोळा करून पुढ्यात ठेवले तर ऐकतील का? सही केली नाही तर त्यांना एकटं पाडल्यासारखं होईल. सासूबाई फोनवर म्हणतात, गांधीजींनीही कायदा मोडलाच होता की. मी काय करू?"

उत्तर

ताई,

टॅक्स रिटर्नची मुदत, १५ एप्रिल, जवळ आली आहे, म्हणून निकडीचं आधी सांगते. कशावरही सही करू नका. जाहीरनाम्यावर नको, ट्रस्टच्या कागदांवर नको, मुलांच्या वतीने तर अजिबात नको. तुमचा टॅक्स रिटर्न तुम्ही भरा, स्वतंत्र. आणि ग्रीन कार्ड त्या फायलीतून काढून स्वतःच्या पर्समध्ये ठेवा. अठरा वर्षांवरच्या ग्रीन कार्डधारकाने ते जवळ बाळगणं कायद्यानेच सक्तीचं आहे, त्यामुळे मागताना दुसरं कारण शोधावं लागणार नाही. आता बाकीचं सावकाश बोलू.

तुमच्या मिस्टरांना जे सापडलंय त्याला अमेरिकेत 'सॉव्हरिन सिटिझन' चळवळ म्हणतात. चळवळ म्हणायचं, पण तिला एक नेता नाही की एक कार्यालय नाही. शिबिरं घेणारे गुरू, फॉर्मांचे संच विकणारे लोक आणि त्यांची गिऱ्हाइकं, असा तिचा पसारा. मुळं १९७० च्या दशकातल्या 'पॉसे कॉमिटॅटस' नावाच्या गटांत सापडतात. त्यांचा एक मोठा प्रचारक विल्यम पॉटर गेल हा उघड वर्णद्वेष्टा आणि ज्यूद्वेष्टा होता. त्यांचं तर्कट साधारण असं होतं: यादवी युद्धानंतर, १८६८ साली, गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांना चौदाव्या घटनादुरुस्तीने नागरिकत्व मिळालं. ते सरकारने दिलेलं, म्हणून दुय्यम. गोरे त्याच्या आधीपासूनचे, म्हणून सार्वभौम. पुढे काळ्या समाजातल्या काही गटांनीही हा विचार आपल्या पद्धतीने उचलला आणि आज शिबिरांत सगळ्या रंगांची माणसं बसलेली असतात. पण मूळ सिद्धांत लावायचा झाला तर सांगलीहून गेलेल्या माणसाला त्यात उभं राहायलाही जागा नाही.

इथे मला राहवत नाही म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. भगतसिंग थिंड नावाचा पंजाबी माणूस पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता. त्याने नागरिकत्व मागितलं. फेब्रुवारी १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की हिंदुस्थानी माणूस 'गोरा' ठरत नाही, त्याला नागरिक होता येणार नाही. त्यानंतर ज्या हिंदुस्थान्यांना नागरिकत्व मिळालं होतं त्यांचंही काढून घ्यायला सरकारने सुरुवात केली. हा दरवाजा उघडला तो थेट १९४६ च्या कायद्याने, तोही वर्षाला शंभर माणसांना देशात येता येईल इतकाच. तुमच्या मिस्टरांनी चार वर्षांपूर्वी हात वर करून जी शपथ घेतली, तिच्यामागे एवढं सगळं आहे. गुरूच्या शिबिरात हे कुणी सांगितलं नसेल.

'कलमं खरी निघतात' ही तुमची मोठी अडचण आहे, आणि तुम्ही ती प्रामाणिकपणे मांडलीत. कलमं खरीच आहेत. चौदावी घटनादुरुस्ती खरी. ५ जून १९३३ चा अमेरिकी काँग्रेसचा तो ठरावही खरा, ज्याने कर्ज सोन्यात फेडण्याच्या अटी रद्द केल्या. युनिफॉर्म कमर्शियल कोडही खरा, खरेदी-विक्री, चेक, तारण यांचे नियम त्यात आहेत. खोटी आहे ती या तुकड्यांना जोडणारी गोष्ट: सोनं सोडलं म्हणून सरकारने आपली माणसं गहाण टाकली, प्रत्येक जन्मदाखल्यावर रोखे निघाले, ट्रेझरीत, म्हणजे अमेरिकेच्या अर्थखात्यात, प्रत्येकाच्या नावाने एक गुप्त खातं आहे आणि योग्य फॉर्म भरला की त्यातून घराचं कर्ज फेडता येतं. १९८० च्या दशकात रॉजर एल्विक नावाच्या माणसाने ही कर्जमुक्तीची गोष्ट पसरवली आणि तीच थोड्या फरकाने आजही विकली जाते. मला यात एक साधी शंका आहे. तुमच्या मिस्टरांचा जन्मदाखला सांगलीकडच्या एखाद्या नगरपालिकेने किंवा ग्रामपंचायतीने दिला असणार. त्याच्यावर वॉशिंग्टनच्या ट्रेझरीने रोखा काढला कसा? हा प्रश्न चिडवायला नका वापरू. पण त्यांनी कधी तरी स्वतःहून विषय काढला, मूड बरा असला, तर सहज विचारायला हरकत नाही.

मोठ्या अक्षरांतलं नाव ही निव्वळ छपाईची पद्धत आहे. पॅन कार्डावर आपलं नाव मोठ्या अक्षरांतच असतं, म्हणून भारत सरकारने आपला जुळा भाऊ काढला असं काही होत नाही.

आपल्याकडे अनुष्ठान फळलं नाही तर सांगणारे सांगतात, उच्चार चुकला, संकल्पात गोत्र राहिलं. मंत्रावर कुणी बोट ठेवत नाही. या शिबिरांत अगदी तेच चालतं. कोर्टाने अर्ज फेटाळला की गुरू म्हणतो, तू नावात अपूर्णविराम टाकला नाहीस, चुकीच्या शाईने सही केलीस, न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा 'समजलं' म्हणालास म्हणजे करार मान्य केलास. त्यामुळे शंभर निकाल विरोधात गेले तरी श्रद्धेला धक्का लागत नाही, आणि तुम्ही पुराव्यांची फाइल पुढ्यात ठेवलीत तरी लागणार नाही. तुमच्या प्रत्येक कागदाला त्यांच्याकडे एक व्हिडिओ असेल. अमेरिकेतल्या सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०११ मध्ये म्हटलं की असले युक्तिवाद कोणत्याही वेशात आले तरी झटपट फेटाळून लावावेत. न्यायालयांना ते परवडतं. तुम्हाला त्याच घरात संध्याकाळचा स्वयंपाक करायचा आहे. म्हणून वादात शिरूच नका.

'इतका शिकलेला माणूस' याबद्दल. जॉन चीक नावाचा एका मोठ्या विमान कंपनीचा पायलट होता. अशाच शिबिरांत जाऊन त्याची खात्री पटली की पगार म्हणजे उत्पन्न नव्हेच, आणि त्याने रिटर्न भरणं थांबवलं. त्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९१ मध्ये न्यायालय म्हणालं की कायदा खरोखरच नीट न समजल्यामुळे कुणी चुकला असेल तर त्याचा विचार ज्युरीने करावा, पण 'मला हा कायदा घटनाबाह्य वाटतो' हा बचाव नाही. खटला पुन्हा चालला, चीक पुन्हा दोषी ठरला, तुरुंगात गेला. माणूस अडाणी नव्हता, शेकडो प्रवाशांचे जीव ज्याच्या हातात असतात असा होता. शिकलेल्या माणसाला स्वतः वाचून स्वतः निष्कर्ष काढायची सवय असते. वकिलाला विचारणं त्याला कमीपणाचं वाटतं. आणि त्यात नोकरी गेलेली असेल तर 'मी काहीतरी शोधून काढलंय' ही भावना किती गोड लागत असेल, याचा विचार करा.

मला वाटतं, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ 'तीन हप्ते थकले' ही आहे, आणि ती तुम्ही जाता जाता लिहिली आहे. हा विचार पसरतो तो कर्जाच्या वाटेने. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात शेतकऱ्यांच्या जमिनी बँकांकडे जाऊ लागल्या, तेव्हा गेलसारख्यांच्या भाषणांच्या टेप त्या शेतकऱ्यांत फिरल्या. २००८ ला घरांचा बाजार कोसळला तेव्हा कर्जमुक्तीच्या शिबिरांना पुन्हा गिऱ्हाईक मिळालं. ज्याचं घर जायची वेळ आली त्याला कुणीतरी सांगतं की तू कर्जदार नाहीसच, उलट सरकारच तुझं देणं लागतं. कर्जाच्या ओझ्याखाली माणसाचं काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आणि बँकांविषयीचा राग सगळाच खोटा होता असंही नाही. २००८ नंतर उघड झालं की मॉर्गेज कंपन्यांनी न वाचताच हजारो कागदांवर सह्या करून घरं जप्तीला काढली होती. मग ४९ राज्यं आणि केंद्र सरकार यांनी पाच मोठ्या मॉर्गेज कंपन्यांना धरलं आणि २०१२ मध्ये सुमारे २५ अब्ज डॉलरची तडजोड झाली. लाल अंगठ्याने ते झालं नाही. राज्यांच्या महाधिवक्त्यांनी, नेहमीच्या कोर्टाच्या रस्त्याने ते घडवलं. हे मिस्टरांशी बोलताना कामाचं आहे, कारण 'तुमचा राग चुकीचा आहे' असं न म्हणता तुम्हाला त्यांच्या बाजूला बसता येतं.

तर घराचं काम आधी हातात घ्या. कर्जावर तुमचंही नाव असेल तर कर्ज सांभाळणाऱ्या कंपनीशी तुम्ही स्वतः बोलू शकता. केंद्राच्या नियमाप्रमाणे हप्ता थकल्यापासून साधारणपणे १२० दिवस उलटल्याशिवाय जप्तीची कारवाई सुरू करता येत नाही. तुमचे तीन हप्ते थकलेत, म्हणजे थोडा वेळ हातात आहे, फार नाही. हप्ते पुढे ढकलणं, कर्जाच्या अटी बदलून घेणं, यासाठीचा अर्ज त्या मुदतीत पूर्ण भरून गेला तर फरक पडतो. अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याने मान्यता दिलेले समुपदेशक अशा कामात फुकट मदत करतात, त्यांची यादी खात्याच्या साइटवर मिळते. न्यू जर्सीत बँकेला जप्तीसाठी कोर्टातच जावं लागतं आणि तिथे मध्यस्थीची सोयही आहे. कोर्टाचं समन्स आलं तर उत्तराला ३५ दिवस असतात. ते समन्स 'अमान्य' असा शेरा मारून परत जाऊ देऊ नका. या लोकांची बरीचशी घरं बँकेच्या जोरापेक्षा न दिलेल्या उत्तरामुळे गेली असतील असं मला वाटतं.

आता टॅक्स. एकत्र रिटर्नवर दोघांची सही असली की कर, व्याज, दंड या सगळ्याची जबाबदारी दोघांवर पूर्णच्या पूर्ण येते, अर्धी अर्धी नाही. म्हणून विवाहित असूनही स्वतंत्र रिटर्न भरण्याचा पर्याय घ्या. कर कदाचित थोडा जास्त बसेल. ती किंमत मोजण्यासारखी आहे. वेळ लागणार असेल तर मुदतवाढीचा अर्ज करा, मात्र मुदतवाढ कागद भरायला मिळते, पैसे भरायला नाही. न भरलेल्या रिटर्नवर दरमहा थकबाकीच्या पाच टक्के, २५ टक्क्यांपर्यंत दंड चढत जातो. आणि 'मी परदेशी, मला कर लागू नाही' असले शेरे मारलेला रिटर्न पाठवला तर प्रत्येक वेळी ५,००० डॉलरचा वेगळा दंड. तुमच्या नावाने दुसऱ्या कुणी रिटर्न पाठवू नये म्हणून टॅक्स खात्याकडून ओळख-संरक्षणाचा सहा अंकी पिन घेता येतो, तो आजच घ्या. भारतातल्या खात्यांची, एफडींची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर त्याची स्वतंत्र माहिती द्यावी लागते. सांगलीच्या सहकारी बँकेतली संयुक्त ठेवसुद्धा त्यात येते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

तुमच्या बाबतीत यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. नागरिकत्वाच्या अर्जात स्पष्ट विचारलेलं असतं की तुम्ही कधी टॅक्स रिटर्नवर स्वतःला अनिवासी परदेशी म्हटलंय का, किंवा तसं समजून रिटर्न भरायचा टाळलाय का. मिस्टर तुमच्याकडून जी सही मागताहेत ती नेमकी या प्रश्नावर जाऊन आदळते. हॉलिवूडचा नट वेस्ली स्नाइप्सही स्वतःला अनिवासी परदेशी म्हणत होता. २००८ मध्ये रिटर्न न भरल्याबद्दल त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. तो जन्मतः नागरिक होता, तुरुंगातून घरी आला. ग्रीन कार्डधारकाला त्याहून बरंच काही गमवावं लागू शकतं.

मिस्टरांच्या नागरिकत्वाची काळजी त्या मानाने कमी करा. नोटरीसमोर केलेल्या जाहीरनाम्याने अमेरिकेचं नागरिकत्व सुटत नाही. त्यासाठी साधारणपणे देशाबाहेर जाऊन अमेरिकी वकिलातीच्या अधिकाऱ्यासमोर स्वतः शपथ घ्यावी लागते, आणि मुलांच्या वतीने आईबापांना ते करताच येत नाही. सुटलंच समजा, तर जाणार कुठे? परदेशी नागरिकत्व घेतल्या क्षणी १९५५ च्या कायद्याने त्यांचं भारतीय नागरिकत्व संपलं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड हे नागरिकत्व नव्हे, ते परदेशी पासपोर्टच्या आधाराने उभं असतं. म्हणजे ते कागद त्यांना मोकळं करत नाहीत. कर, कर्ज, गाडीचे नियम, सगळं तसंच चालू राहतं.

यातले काही कागद मात्र निरुपयोगी नाहीत, धोकादायक आहेत. गुप्त खात्यावर काढलेली हुंडी बँकेला पाठवणं ही फसवणूक ठरते. न्यायाधीश किंवा केंद्रीय अधिकाऱ्याच्या मालमत्तेवर खोटा बोजा नोंदवला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. असे कागद घरातून गेले असतील, जाणार असतील, तर एकदा फौजदारी वकिलाला भेटाच. मी वकील नाही, आणि तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत.

गाडीबद्दल मी तडजोड सुचवणार नाही. त्या गाडीत मुलांना बसवू नका, तुम्हीही बसू नका. २० मे २०१० ला आर्कान्सा राज्यात वेस्ट मेम्फिसजवळ पोलिसांनी एक व्हॅन थांबवली. आत जेरी केन आणि त्याचा १६ वर्षांचा मुलगा जोसेफ होता. केन गावोगाव घर वाचवण्याची, कर्जमुक्तीची शिबिरं घ्यायचा. मुलाने बंदूक उचलली, दोन पोलीस मेले. तासा-दीड तासाने एका दुकानाच्या पार्किंगमध्ये बापलेकही मारले गेले. तुमचे मिस्टर तसले नाहीत, हे मी मानते. या विचाराची बहुतेक माणसं कागद पाठवण्यापलीकडे जात नाहीत. पण तशी पाटी लावलेली गाडी दिसली की अमेरिकेतल्या पोलिसाला आधी वेस्ट मेम्फिस आठवतं, आणि त्यात 'मी ड्रायव्हिंग करत नाही, ट्रॅव्हल करतोय, मला लायसन्स लागत नाही' असं सुरू झालं की काय होईल ते मुलांच्या देखत व्हायला नको.

मग बोलायचं कसं? कायद्यावर बोलू नका, गुरूवर बोला. २०१२ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टामध्ये एका घटस्फोटाच्या दाव्यात नवऱ्याने हेच सगळं कोर्टापुढे मांडलं. न्यायमूर्ती जॉन रूक यांनी त्याला उत्तर म्हणून एक भलंमोठं निकालपत्र लिहिलं, त्यात या सगळ्या युक्त्यांची पाळंमुळं खणून काढली, आणि गिऱ्हाइकांना सुचवलं की गुरूंना काही प्रश्न विचारा. अपार संपत्तीच्या किल्ल्या हातात असतील तर गुरू स्वतः श्रीमंत का नाही? इतकी खात्री आहे तर तो स्वतः कोर्टात का जात नाही? ही युक्ती चालली असा एक तरी छापील निकाल तो दाखवेल का? तुझं नुकसान झालं तर भरून देईल का? एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि उत्तराची घाई करू नका. या चळवळीच्या गुरूंपैकी विन्स्टन श्राउट हा एक मोठा. त्याने शंभर ट्रिलियन डॉलरहून अधिक रकमेच्या बनावट हुंड्या काढल्या होत्या. २०१८ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. हे तुम्ही सांगू नका. प्रश्न मनात राहिला तर ते स्वतः शोधतील.

मुलांसमोर, मित्रांसमोर थट्टा करू नका. ते परत फिरले तर 'बघा, मी म्हणत नव्हते' असं म्हणायचं नाही, हे आत्ताच ठरवून ठेवा. नंबर प्लेट गुपचूप परत लागली, तर लागली. या वाटेवरून परतणाऱ्याला सगळ्यात जड जातं ते आजवर ज्यांना ज्यांना ऐकवलं त्यांच्यापुढे तोंड दाखवणं.

सही न केल्याने ते एकटे पडतील ही तुमची भीती मला समजते. पण उद्या दोघांच्याही नावावर दंड, दोघांच्याही पगारावर टाच, तुमचं ग्रीन कार्ड अडचणीत, अशी वेळ आली तर सांभाळणारं घरात कोण उरेल? तुम्ही बाहेर उभ्या राहिलात तरच त्यांना हात देऊ शकाल. पगार स्वतःच्या वेगळ्या खात्यात घ्या. मुलांच्या पासपोर्ट-दाखल्यांच्या प्रती विश्वासाच्या घरी ठेवा. घरात बंदूक आली, किंवा कागद परत मागताना धाक वाटला, तर मात्र समजावत बसू नका. न्यू जर्सीतच 'मानवी' ही दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी १९८५ पासून काम करणारी संस्था आहे, त्यांच्याशी बोला.

हे पत्र वाचून 'अमेरिकेतली थेरं' म्हणून पान उलटणाऱ्यांसाठी दोन ओळी. जर्मनीत आजचं राज्यच न मानणारे 'राइशब्युर्गर' आहेत, ऑस्ट्रेलियातही ही शिबिरं भरतात. आणि मथुरेच्या जवाहरबागेत रामवृक्ष यादवच्या लोकांनी दोन वर्षं ठाण मांडलं होतं. त्यांना भारत सरकार मान्य नव्हतं, रुपया मान्य नव्हता, आझाद हिंदचं चलन हवं होतं. जून २०१६ मध्ये बाग रिकामी करताना दोन पोलीस अधिकाऱ्यांसह वीसहून अधिक माणसं गेली. कुणी तुमच्या भावाला, दिराला 'हा एक फॉर्म भर, कर्ज माफ' असं सांगत असेल तर प्रश्न तेच विचारायचे.

राहिल्या सासूबाई. गांधीजींनी कायदा मोडला, हे खरं. मार्च १९२२ मध्ये अहमदाबादच्या कोर्टात त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा त्यांनी गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशाला सांगितलं की तुमचा कायदा तुम्हाला योग्य वाटत असेल तर मला कडक शिक्षा द्या. सहा वर्षांची झाली. 'मोठ्या अक्षरांतला गांधी म्हणजे मी नव्हे' असं ते म्हणाले नाहीत. सत्याग्रही शिक्षा मागून घेतो. हा विचार शिक्षा, कर, हप्ता सगळं टाळायला बघतो आणि रस्ते, शाळा, पासपोर्ट मात्र ठेवून घेतो. सासूबाईंना हे जरूर सांगा, त्या जाणत्या दिसतात.

पण त्याआधी एक विचारते. नोकरी गेल्याचं आणि हप्ते थकल्याचं सांगलीत माहीत आहे का? पत्रावरून मला तसं वाटलं नाही. आईला मुलगा अन्यायाविरुद्ध लढतोय एवढंच कळलं असेल, तर तिथून त्यांना बळ मिळतच राहणार. ही बातमी तुम्ही परस्पर देऊ नका. त्यांनाच सांगू द्या. घराच्या अर्जाचे कागद भरायला बसाल त्या आठवड्यात विषय काढा आणि म्हणा, आईंना आपण दोघं मिळून फोन करू.